गाव एक, नावे दोन

नांदेडहून मुदखेड, भोकर करीत किनवटच्या दिशेने गाडी निघाली, म्हणजे भोकर सुटल्यावर काही वेळाने एक स्टेशन लागते. पाटीवर नाव असते हिमायतनगर. तहसील कचेरीवर तेच नाव, सातबाऱ्यावर तेच, शाळेच्या दाखल्यावरही तेच. पण महाशिवरात्रीला इथे परमेश्वराची मोठी यात्रा भरते, तेव्हा यात्रेला निघालेल्या बायाबापड्यांना विचारा, कुठं निघालात? "वाढोण्याला" असे उत्तर मिळेल. गाव एकच. एक नाव कागदावरचे, दुसरे तोंडातले.

वाचकहो, या दोन नावांच्या मधोमध जी जागा आहे, तिथे या गावाचा इतिहास बसलेला आहे. आपल्याकडे गावकऱ्याला गावचा इतिहास विचारला, तर तो संकोचतो. "आमच्या गावाला कसला आलाय इतिहास? किल्ला नाही, तट नाही, कोणी राजा आला नाही." शाळेतले गुरुजीही पुष्कळदा असेच म्हणतात, कारण पुस्तकातला इतिहास सनावळीचा आणि लढायांचा असतो. लढाई हवीच असेल तर तीही या भागात झाली आहे. १८१९ च्या जानेवारीत हदगाव भागातल्या नाव्ह्याच्या गढीत नोवसाजी नाईक आणि त्याचे हटकर साथीदार निजामाच्या फौजेशी झुंजले. त्या फौजेचे अधिकारी इंग्रज होते. पण त्या लढाईने वाढोण्याच्या शेतकऱ्याच्या जमिनीचा सारा वाढला की उतरला, हे लढाईच्या वर्णनातून कळत नाही. त्यासाठी दुसरीकडे पाहावे लागते.

पहिल्याने नावाकडेच पाहू. वाढोणा नावाची गावे आपल्याकडे एकाहून अधिक आहेत. उदगीर तालुक्यात एक वाढोणा आहे, यवतमाळ जिल्ह्यात वाढोणा बाजार आहे. म्हणजे हे नाव या मुलखाच्या बोलीतले, मातीतले. हिमायत हे नाव मात्र हैदराबादच्या राजवाड्यातले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या थोरल्या मुलाचे नाव मीर हिमायत अली खान. आझम जाह म्हणून ते अधिक ओळखले जात. १९०७ साली त्यांचा जन्म झाला. हैदराबाद शहरातही हिमायतनगर नावाची वस्ती आहे आणि शहराजवळचा हिमायतसागर तलाव याच राजपुत्राच्या नावाचा आहे. या राजपुत्राचे लग्न १९३१ साली फ्रान्समधल्या नीस शहरात तुर्कस्तानच्या अखेरच्या खलिफाच्या मुलीशी झाले. पैनगंगेच्या काठच्या एका कापूस-ज्वारीच्या गावाच्या पाटीवर आलेले नाव किती लांबच्या सोयरिकीशी जोडलेले होते, ते यावरून ध्यानात येईल.

असे हे एकच गाव नव्हे. धाराशिवचे उस्मानाबाद झाले, अंबाजोगाईचे मोमिनाबाद झाले. पुढे मोमिनाबादचे पुन्हा अंबाजोगाई झाले आणि २०२३ साली उस्मानाबादचे पुन्हा धाराशिव. आमच्या गावाचे कागदी नाव मात्र बदलले नाही. लोकांनी कागदाशी भांडण केले नाही आणि तोंडातले नावही सोडले नाही. मला विचाराल तर हे शहाणपणच झाले. दोन्ही नावे राहिली, म्हणून दोन्ही काळ राहिले.

आता नदीकडे चला. गावाच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. आज पलीकडे उमरखेड तालुका आहे, यवतमाळ जिल्हा आहे. इकडचा माणूस तिकडे सोयरीक करतो, बैल विकतो, लग्नाला जातो. नदी ओलांडली तर जिल्हा बदलतो, एवढेच. पण १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. इंग्रजांच्या फौजेचा खर्च थकला होता, त्यापोटी हा तह झाला. १९०२ साली वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने गेले आणि त्याचे २५ लाख रुपये साल निजामाला मिळू लागले. तेव्हापासून १९४७ पर्यंत पैनगंगेच्या दक्षिण तीरावर निजामाचा कायदा आणि उत्तर तीरावर इंग्रजाचा. अकबराच्या काळी माहूर हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते. म्हणजे नदीचे दोन्ही काठ एकाच हिशेबात होते. ही नदी फार पुरातन काळापासून सीमा होती असे नव्हे. ती सीमा केली गेली.

सीमा म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नसे. त्याच्या कनवटीला ते कळे. निजामाचा रुपया वेगळा होता, त्याला हाली शिक्का म्हणत. इंग्रजांचा रुपया तो कलदार. दोन्ही रुपयेच, पण मोल सारखे नव्हते. सरकारी दर असा की ६ कलदार म्हणजे ७ हाली. गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालावे: १०० कलदार रुपयांचे हाली किती? उत्तर येते ११६ रुपये १० आणे ८ पै. आता कल्पना करा, नदीपलीकडच्या बाजारात बैलजोडीचा सौदा झाला, "शंभर रुपये" ठरले, हातावर हात मारला. पण शंभर कुठले? कलदार की हाली? एका शब्दात सोळा-सतरा रुपयांचा फरक. ज्या काळी मजुराची दिवसाची कमाई आण्यांत मोजली जाई, त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

रुपयाच वेगळा होता असे नव्हे. माल सरहद्दीपार न्यायचा तर जकात. निजामाच्या या खात्याचे नाव करोडगिरी. कापूस, गुरे, कापड, मीठ, नाक्यावर नोंद करा, पैसे भरा, पावती घ्या. नदीला उतार असेल तिथून रात्रीबेरात्री माल काढणारेही होतेच. सरहद्दीवरच्या माणसाला दोन राज्यांचा जाच होतो आणि दोन राज्यांची फटही सापडते. ही फट पुढे १९४७-४८ साली फार कामी आली. ते पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती जुन्या कागदांना हात घालणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. निजामाच्या राज्यातल्या महसुली कागदावर इसवी सन सहसा नसतो. असतो तो फसली सन. एखाद्या घरात जुना कागद निघतो, त्यावर १३५० असे साल दिसते, आणि घरातली मंडळी म्हणू लागतात की आमची जमीन सातशे वर्षांपासूनची आहे! तसे नसते. फसलीमध्ये ५९० मिळवा. १३५० फसली म्हणजे १९४० साली सुरू झालेले साल. निजामाच्या राज्यात हे साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होई, म्हणून कागदावरचा महिना साल उजाडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतला नसेल, तर ५९१ मिळवायचे. महिन्यांची नावेही निराळी होती: आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशी इराणी पद्धतीची.

हा फसली सन आला कुठून? फसल म्हणजे पीक. मुसलमानी चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे; सूर्याच्या वर्षापेक्षा ते ११ दिवसांनी तोकडे. त्या वर्षाने सारा मागितला तर काय होईल, ते शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. आज ज्वारी खळ्यात आल्यावर हप्ता येतो. दहा-बारा वर्षांनी तोच हप्ता कणीस निसवण्याआधी दारात उभा राहील. शिवाय सूर्याची ३२ वर्षे होतात तेव्हा चंद्राची ३३ होतात. म्हणजे पिके ३२ आणि सारा ३३! म्हणून अकबराच्या काळात पिकाशी जुळणारे साल काढले गेले आणि दख्खनमध्ये ते १६३६ च्या सुमारास, शहाजहानच्या अमदानीत सुरू झाले. तेव्हा हिजरी १०४६ चालू होते. तोच आकडा धरला आणि पुढे साल सूर्याच्या चालीने मोजले. १६३६ मधून १०४६ वजा करा, ५९० उरतात. म्हणजे वाढोण्याच्या पटवाऱ्याच्या वहीतला साधा आकडासुद्धा दिल्लीच्या तख्तापर्यंत जातो, आणि त्याचे मूळ कारण शेतातले कणीस हेच असते.

गावातला कारभार पाहणारी माणसे कोण? माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी. माली पाटील म्हणजे माळी जातीचा पाटील, असा घोटाळा नवीन मुले करतात. माल म्हणजे महसूल. महसुलाचा पाटील तो माली पाटील. मुंबई इलाख्यात ज्याला तलाठी म्हणत, तो आपल्याकडे पटवारी. त्याच्यावर गिरदावर, त्याच्यावर तहसीलदार. आधी अशी व्यवस्था नव्हती. सारा वसूल करण्याचा मक्ताच दिला जाई आणि मक्तेदार जेवढे पिळता येईल तेवढे पिळी. सालारजंग १८५३ साली दिवाण झाले. त्यांनी मक्त्याची पद्धत मोडत आणून १८६५ साली जिल्हे बांधले, तहसीलदार नेमले. देशमुख-देशपांड्यांचा वसुलीचा अधिकार गेला आणि त्यांना रुसूम म्हणून ठरावीक रक्कम मिळू लागली. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले. आपण आज ज्याला गट नंबर म्हणतो, त्याच्या मागे तो सर्व्हे नंबर उभा आहे.

या कारभाराची भाषा दोन मजल्यांची होती. गावात पटवारी मराठीत लिही, तेही मोडी लिपीत. वर तहसिलीत आणि जिल्ह्यात १८८० नंतर फारसीची जागा उर्दूने घेतली. म्हणून आपल्या मराठीत नक्कल, मुन्सफ, पेशकार, जमाबंदी, गिरदावर हे शब्द असे मुरलेले आहेत की परके वाटतच नाहीत. त्यांना हुसकून लावण्याचे कारणही नाही. ते आपल्या आजोबांनी कचेरीच्या ओट्यावर बसून, ऊन खात मिळवलेले शब्द आहेत.

गावाला बदलून टाकणारी दुसरी गोष्ट म्हणजे रेल्वे. मनमाड-हैदराबाद मार्ग १९०० च्या सुमारास नांदेडवरून गेला आणि त्याचाच फाटा मुदखेडहून किनवट-आदिलाबादकडे निघाला. मीटरगेजची ती गाडी गेली, आज ब्रॉडगेज आहे. तिने इथला कापूस नांदेडला नेला, किनवटच्या जंगलातले सागवान बाहेर काढले. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीचे भोंगे त्या कापसावर चालत. पण रेल्वेने एक गोष्ट हिरावूनही घेतली. त्याआधी धान्य, मीठ, कापूस यांची वाहतूक बंजारा लोकांच्या बैलतांड्यांवर चाले. शेकडो बैल, पाठीवर गोण्या, पुढे नायक. गाडीच्या डब्यापुढे बैलाची पाठ टिकली नाही. तांडे थांबले आणि जिथे थांबले तिथे शेती करू लागले. या भागातल्या तांड्यांची वस्ती पाहताना ही गोष्ट आठवावी. अंध, गोंड, कोलाम हे तर त्याआधीपासूनचे इथले रहिवासी. त्यांच्या गावाचे कागद फार थोडे, कारण जंगलातल्या शेतीला कागद देण्याची सरकारला घाई नव्हती. कागदावरून इतिहास लिहिणाऱ्याने ही उणीव मनात ठेवली नाही, तर तो फक्त पाटलांचा आणि देशमुखांचा इतिहास लिहील.

आता १९४७ साल. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला आणि पैनगंगेच्या उत्तर काठावर तिरंगा चढला. दक्षिण काठावर तो लावणे गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. ७ ऑगस्टलाच भारतात सामील होण्याची मागणी करणारा दिवस पाळला गेला होता. रझाकारांचा जोर वाढला तशी पुष्कळ कुटुंबे रातोरात नदी उतरून वऱ्हाडात गेली. उमरखेडला कार्यकर्त्यांची छावणी होती. करोडगिरीवाल्यांच्या डोळ्यांआड माल काढण्याचे जे उतार, तेच आता जीव वाचवण्याचे झाले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

त्यानंतरच्या काही आठवड्यांबद्दल मात्र आपल्या गावांतून बोलले जात नाही. रझाकारांनी जे केले त्याचा सूड ज्यांनी काही केले नव्हते अशा मुसलमान शेजाऱ्यांवर ठिकठिकाणी घेतला गेला. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळल्याचे नोंदले. तो अहवाल पुष्कळ वर्षे लोकांपुढे आला नव्हता. नदी उतरून गेलेल्या हिंदू कुटुंबाची आठवण आणि घर सोडून गेलेल्या मुसलमान कुटुंबाची आठवण, दोन्ही एकाच गावाच्या आहेत. गावचा इतिहास लिहायला बसलेल्या गुरुजींनी दोन्ही घरांच्या ओसरीवर बसावे, एवढे मी आग्रहाने सांगतो.

पुढची आठ-दहा वर्षे शेतकऱ्याच्या दृष्टीने लढाईहून मोठी होती. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी बरखास्त झाल्या. १९५० साली हैदराबादचा कूळ कायदा आला आणि संरक्षित कुळांच्या याद्या झाल्या. कसणाऱ्याचे नाव पहिल्यांदा पक्क्या कागदावर आले, कुठे कुठे ते येऊ नये म्हणून खटपटीही झाल्या. १९५४-५५ साली खासरा पत्रक तयार झाले. मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की वकील आजही पहिल्याने खासरा काढायला सांगतो, तो हाच. हाली शिक्काही याच दशकात चलनातून गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. नदीच्या दोन्ही काठांवर सुमारे शंभर वर्षांनी पुन्हा एक सरकार झाले. हिमायतनगर त्या वेळी हदगाव तालुक्यात होते. १९९९ साली त्याचा स्वतंत्र तालुका झाला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसांच्या नातवंडांनी कापसाच्या जोडीला सोयाबीन पेरले, ते आपल्या डोळ्यांदेखतचे आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण जुन्या गोष्टींची हौस एवढेच नाही. २०२३ साली राज्य सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधून निजामकाळातले रुमाल सोडले गेले. त्या वेळी एक गोष्ट गावोगाव लक्षात आली. कागद होते, पण वाचणारे नव्हते. मोडी वाचणारा एखादा, जुनी उर्दू कचेरीची लिपी वाचणारा एखादा. आरक्षणाच्या प्रश्नात मी इथे शिरत नाही. पण वारसा, जमीन, रस्ता, जात, कूळ, प्रत्येक हक्काचा पुरावा अशा लिपीत पडून आहे की जी घरातल्या शिकलेल्या पोरालाही येत नाही. पणजोबाला अक्षरओळख नव्हती म्हणून त्याने अंगठा उठवला. पणतू पदवीधर आहे, पण त्या अंगठ्याशेजारी काय लिहिले आहे, ते त्यालाही वाचता येत नाही.

तेव्हा शिक्षक मंडळींनो, शेतकरी बंधूंनो, सुरुवात करायची ती अशी करा. गावाची पांढरी आणि काळी वेगळी ओळखा. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. तिथे पाया खणताना, राख आणि खापरे किती खोलवर लागतात, ते मुलांना दाखवा. काळी म्हणजे शिवार. त्यातल्या प्रत्येक शेताला, ओढ्याला, उताराला लोकांच्या तोंडी नाव असते, ते सातबाऱ्यावर नसते. ती नावे म्हाताऱ्यांकडून लिहून घ्या, ती पुन्हा कुठून मिळणार नाहीत. शाळेचे जुने दाखलखारीज रजिस्टर काढा. भूमी अभिलेख कचेरीत गावचा जुना नकाशा आणि टिपणे असतात, तहसिलीच्या रेकॉर्डात खासरा असतो. त्याच्याही मागचे हवे असेल तर पुराभिलेख विभागाचे छत्रपती संभाजीनगरचे दप्तर आणि हैदराबादचे सरकारी दप्तर आहे. मोडीचे वर्ग पुराभिलेख विभाग चालवतो. गावातून एक जरी तरुण तिथे गेला, तरी पंचक्रोशीचे काम भागेल.

आणि घरातल्या ट्रंकेत कागद निघाले तर ते उन्हात वाळत घालू नका, त्यांना चिकटपट्टी लावू नका, घड्या जोराने उलगडू नका. स्वच्छ सुती कापडात सैल बांधून ठेवा, ओल आणि वाळवीपासून दूर. दिवसाच्या उजेडात मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि कोणत्या घरातून कधी निघाला ते मागे वेगळ्या कागदावर लिहा. वाचून देतो म्हणून कुणी मागायला आले, तर नक्कल द्या, मूळ कागद देऊ नका.